पाच वेळा काहून

अहवालाखाली सहा सह्या झाल्या होत्या. सातव्या जागेवर ‘वंदना झाडे, कामगार प्रतिनिधी’ असं टाइप केलेलं होतं आणि वरची ओळ रिकामी होती.

हिंगण्याच्या एमआयडीसीतला तो कारखाना पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायचा. बारा प्रेस मशीनं, दोन पाळ्या, तीनशे माणसं. नऊ दिवसांपूर्वी, मंगळवारी, चार नंबरच्या प्रेसखाली सुशील नागोसेचा डावा हात सापडला आणि दोन बोटं गेली. त्यावर चौकशी झाली, तीन पानांचा अहवाल तयार झाला, आणि आज सुरक्षा समितीच्या बैठकीत त्यावर सह्या चालल्या होत्या. जेवणाच्या सुटीआधी हे आटोपेल असंच सगळ्यांना वाटत होतं.

वंदना तिसरं पान वाचून परत पहिल्या पानावर गेली.

“काही राहिलं का, वंदनाताई?” मयुरा मॅडमनी विचारलं. त्या कारखान्याच्या एचआर ऑफिसर. वयानं लहान, पुण्याहून शिकून आलेल्या, बोलायला चांगल्या. अहवाल त्यांनीच लिहिला होता.

“शेवटची ओळ, मॅडम. मले ते समजून नाही राहिली.”

शेवटची ओळ अशी होती : ‘सदर कामगाराने उत्पादन वाढवण्यासाठी मशीनच्या सुरक्षा बटणात स्वतः फेरफार केल्याने, म्हणजे त्याच्या निष्काळजीपणामुळे, अपघात घडला.’

“त्यात न समजण्यासारखं काय हाय?” अमोल भोयर मधेच बोलले. ते प्रेस विभागाचे सुपरवायझर. “बटणाच्या डब्यात तार जोडलेली सापडली. मशीनवर सुशील होता. संपलं.”

“तार सापडली, हे कोणीतरी पाह्यलं. सुशील मशीनवर होता, हेबी पाह्यलं. पण तार सुशीलनं जोडली हे कोणी पाह्यलं, भोयर साहेब?”

भोयरांनी मॅनेजर साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे.

“ताई, हा अहवाल कारखाना निरीक्षकांकडे जायचा आहे,” मयुरा मॅडम म्हणाल्या. “कामगार प्रतिनिधीच्या सहीशिवाय तो पाठवता येत नाही.”

“मंग नका पाठवू. सोमवारपर्यंत थांबा. मी प्रत नेतो एक.”

परवानगी मिळण्याआधीच तिनं कागद घडी करून एप्रनच्या खिशात टाकले होते.

वंदना बेचाळीस वर्षांची. चौदा वर्षं क्वालिटी विभागात. मशीनमधून निघालेला ब्रॅकेट गेज लावून तपासायचा, चुकला असेल तर बाजूला काढायचा, हे तिचं काम. पण नुसतं बाजूला काढून भागत नसे. ब्रॅकेटवर ओरखडा आला तर एक छापील कागद भरावा लागे. त्यावर वर दोष लिहायचा आणि खाली पाच वेळा ‘का’ विचारायचं. ओरखडा का आला? दाबायचा साचा, म्हणजे डाय, घासली म्हणून. डाय का घासली? तेल कमी पडलं म्हणून. तेल का कमी पडलं? असं मागं मागं जात मुळापर्यंत पोचायचं. प्रत्येक उत्तरापुढे ते कशावरून म्हणता हेही लिहायचं. ऑफिसात त्याला व्हाय-व्हाय म्हणत. प्रेसवरची माणसं म्हणत काहून-काहून.

त्या दिवशी डबा खाताना तिच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. दोन रुपयांच्या ब्रॅकेटसाठी आपण पाच वेळा काहून विचारतो. माणसाच्या दोन बोटांसाठी एकदा विचारलं, माणसापाशी पोचलो, आणि थांबलो. डबा तसाच बंद करून ती क्वालिटीच्या कपाटाकडे गेली आणि एक कोरा कागद काढला. ‘भागाचे नाव’ या रकान्यात तिनं लिहिलं : सुशील नागोसे, डावा हात.

मग अहवालातल्या एकेका वाक्यापुढे तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या. जे कोणी डोळ्यांनी पाहिलं त्यापुढे ‘पाहिलं’. जे दुसऱ्याकडून कळलं त्यापुढे ‘ऐकलं’. आणि ज्याला दोन्ही नाही त्यापुढे ‘धरून चाललो’. तीन पानांत ‘पाहिलं’ फारच थोड्या ठिकाणी आलं. शेवटच्या ओळीत तर एकदाही नाही.

एक वाक्य मात्र अडकत होतं. ‘सदर कामगाराने रुग्णालयात आपली चूक कबूल केली आहे.’

पाळी सुटल्यावर ती कंपनीच्या बसमध्ये न बसता वानाडोंगरीला गेली.

सुशीलची खोली वरच्या मजल्यावर होती. त्याची बायको दीक्षा हिनं दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि लगेच चहा ठेवला. सुशील भिंतीला टेकून बसला होता, डाव्या हाताला पांढरी जाड पट्टी, हात उशीवर. तीस-बत्तीसचा उंचापुरा गडी, पण नऊ दिवसांत खंगल्यासारखा दिसत होता.

“सुशील, तू दवाखान्यात लिहून दिलं का गा, की चूक तुझी हाय?”

“दिलं ना, ताई. चूक माहीच होती. आता काय लपवू?”

तरी तिनं विचारलं, “कोणती चूक?”

“कोणती म्हणजे? ब्रॅकेट वाकडा बसला होता, तो सरळ कराले हात आत घातला. घालाचा नसते.”

“अन् तार?”

“कोणती तार?”

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याला खरंच माहीत नव्हतं. भोयरांनी दवाखान्यात येऊन एवढंच म्हटलं होतं, चूक झाली असं लिहून दे म्हणजे प्रकरण वाढणार नाही. तो भुलीतून नुकता बाहेर आला होता. उजव्या हातानं त्यानं एक ओळ लिहिली : माझी चूक झाली. ती ओळ अहवालात गेली आणि तिथं तिला तार जोडली गेली.

“तुझा उजवा हात तेव्हा कुठं होता?” वंदनानं विचारलं.

“उजव्या बटणावर. नेहमी तिथंच राहते. हात टेकवतो ना आपण.”

हे ऐकून वंदना खुर्चीत सरळ झाली. त्या प्रेसला दोन बटणं असतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच मशीन खाली येतं. हेतू हाच, की माणसाचे दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असावेत, कोणताच आत नसावा. सुशील आठ वर्षं सात नंबरवर काम करत होता. तिथं उजवा हात बटणावर टेकलेला असला तरी डावं दाबल्याशिवाय मशीन हलत नसे. त्या मंगळवारी चार नंबरवाला पियुष बहिणीच्या लग्नाला कन्हानला गेला होता, म्हणून सुशीलला तिकडे उभं केलं. पाऊण तासात अपघात झाला.

“ताई, मशीन खाली आलंच कसं, हे मले अजून समजलं नाही,” तो हळूच म्हणाला. “डाव्या बटणाले तं मी हातच लावला नव्हता.”

बसस्टॉपवर उभी असताना वंदनानं ते तिथंच लिहून काढलं. बटण आतून जोडलेलं असेल तर मशीन एका हातानं चालतं. ज्यानं जोडलं त्याला हे ठाऊक असणार. ज्याला ठाऊक आहे तो उजवा हात बटणावर ठेवून डावा आत घालणार नाही. सुशीलनं घातला. म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यानं जोडलेलं नव्हतं. तिनं ते दोनदा वाचलं. कुठं काही धरून चाललोय का, ते पाहिलं. मग बस आली.

शुक्रवारी ती स्टोअरमध्ये गेली. स्टोअर वामनराव सांभाळत. तीस वर्षांची नोकरी, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि कोणतंही रजिस्टर न शोधता हातात येणारं.

“चार नंबरची तक्रार चिठ्ठी पाहाची होती, काका.”

“कोणाच्या परवानगीनं?”

“कोणाच्याच नाही.”

वामनरावांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि फाइल ओढली. आठ जानेवारी, गुरुवार. पियुषची चिठ्ठी : ‘डावे बटण कधी लागते कधी लागत नाही.’ खाली त्याच दिवशीचा शेरा : ‘दुरुस्त केले.’ सही विक्कीची. विक्की ठेकेदाराकडचा इलेक्ट्रिशियन.

“दुरुस्त केलं तं नवीन बटण गेलं असन ना स्टोअरमधून?”

वामनरावांनी दुसरं रजिस्टर उघडलं. बोट खाली खाली सरकलं. जानेवारीत बटण कुठंच गेलं नव्हतं. स्टोअरमध्ये बटण नव्हतंच. आठ तारखेचीच मागणी चिठ्ठी मात्र होती, भोयरांच्या सहीची, आणि ती मॅनेजर साहेबांच्या मंजुरीवाचून तशीच पडली होती.

“काका, याची झेरॉक्स द्याल?”

“मले कोणी इचारलं नाही, पोरी,” वामनराव म्हणाले. “चौकशी झाली, सगळे येऊन गेले, पण स्टोअरात कोणी आलं नाही.” त्यांनी झेरॉक्स काढून दिली आणि मागं तारीख टाकून आपली सही केली. मागितली नव्हती, तरी केली.

विक्की पंपाच्या शेडमागे सापडला. तो आधी काहीच बोलायला तयार नव्हता. मग चारी बाजूला पाहून म्हणाला, “ताई, मैं बता देता हूं, पण माझं नाव नको. भोयर साहेब बोलले, मशीन थांबवता येत नाही, ऑर्डर निघायची आहे. दोन दिवस डायरेक्ट करून दे, बटण आलं की बदलू. मी जोडलं. दोन दिवसांचे बारा दिवस झाले. मी दोनदा आठवण करून दिली.”

“पियुषले माहीत होतं?”

“त्याला सांगितलं होतं. तो सांभाळून चालवायचा. सुशील तिथं उभा राहील, हे कोणाच्या ध्यानात आलं? मी तर त्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात होतो.”

तो रडवेला झाला होता. वंदनाला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. नाव नको म्हणाला, ते मात्र तिनं कबूल केलं नाही. “तुझी सही चिठ्ठीवर हाय, विक्की. ते झाकता येत नाही. पण तुले कोणी सांगितलं, तेबी झाकू नाही देणार मी.”

तीन काहून झाले होते. हात का सापडला? प्रेस एका बटणावर खाली आला. का आला? दुसरं बटण आतून जोडलेलं होतं. का जोडलं? बटण नव्हतं आणि मशीन बंद ठेवायचं नव्हतं. चौथा तिनं शनिवारी सकाळी लिहिला. बारा दिवस हे कोणाला दिसलं कसं नाही?

आणि लिहितानाच तिचा हात थांबला.

दर सोमवारी बाराही मशीनांची सुरक्षा तपासणी होत असे. दोन्ही बटणं वेगवेगळी दाबून पाहायची आणि कागदावर बरोबरची खूण करायची. आठ तारीख ते अपघाताची वीस तारीख, मधे दोन सोमवार येतात. ती तपासणी सुरक्षा समितीचा सभासद करतो. जानेवारीत पाळी कोणाची होती?

ती फाइलपाशी गेली. बारा तारीख, एकोणीस तारीख. मशीन चार, दोन्ही बटणं : बरोबर, बरोबर. खाली निळ्या शाईत ‘वं. झाडे’. चौथ्याचं उत्तर होतं, तपासणीत बरोबर दिसलं म्हणून; आणि ते बरोबर का दिसलं, हा पाचवा काहून तिच्यापाशीच येत होता.

मशीन चालू होतं तेव्हा. भोयर म्हणाले होते, चारचं चांगलं चाललंय, थांबवू नका. तिनं लांबूनच पाहिलं, चालू आहे म्हणजे चांगलं आहे असं धरलं, आणि खूण केली. एकदा नाही, दोनदा. गेले तीन दिवस ती दुसऱ्यांची वाक्यं तपासत होती आणि हे तिला आठवलंही नव्हतं. आठवलं नव्हतं, की तिनं आठवू दिलं नव्हतं, हे नंतरही तिला नीट सांगता आलं नाही.

रविवारी दुपारी अंगणात सासरे चंपतराव तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. वंदना समोर बसून सोलत होती, पण दाणे सालांत आणि सालं दाण्यांत जात होती. शेवटी तिनं त्यांना सगळं सांगितलं.

“मंग?” चंपतराव म्हणाले. “तीन काहून पुरे नाही का? विक्की हाय, भोयर हाय, साहेबाच्या टेबलावरची चिठ्ठी हाय. सुशीलचं नाव निघते ना तेवढ्यात? तू कायले सोताचं नाव घुसवतं?”

“बाबा, त्यांनी काय केलं? सोयीचं नाव आलं अन् थांबले. मी चौथ्यावर थांबली तं मीबी तेच करून राहिली ना.”

“नोकरी जाईन वं.”

“जाऊ द्या.”

म्हणाली खरी, पण मुलगी खुशी बारावीला होती. नवऱ्याचं दुकान जेमतेम चालत होतं. चंपतरावांनी तिच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं. “जा, काय कराचं ते कर. हे मी पाहतो.”

ती आधी वानाडोंगरीला गेली. साडेचारचं ऊन खोलीत तिरपं आलं होतं. दीक्षा परत चहा ठेवायला उठली, तेव्हा वंदना म्हणाली, “चहा नको. आधी ऐका.”

तिनं उभ्यानंच सांगितलं. दोन सोमवार, दोन खुणा, न पाहता केलेल्या. पाहिलं असतं तर मशीन त्याच दिवशी बंद झालं असतं.

दीक्षाच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. “गुरुवारी याच खुर्चीवर बसून चहा पिऊन गेल्या तुम्ही!”

“तेव्हा मले आठवलं नव्हतं.”

“आठवलं नव्हतं? यांचे बोटं गेले, ताई! आता यांनी पोरीची वेणी कशानं घालाची?”

वंदनानं माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर द्यायचं ओझं त्यांच्यावर पडलं असतं. ती नुसती उभी राहिली. सुशील खिडकीकडे पाहत होता. तिकडेच पाहत तो बोलला.

“उद्या बैठक हाय ना?”

“हो.”

“मंग लिहा ते. माहं नाव काढा तिथून अन् तुमचं टाका. मले चालते.” आणि थोडं थांबून, “पण सगळ्यांचं टाका. एकल्या तुमचं टाकून सोडलं, तं मी येईन तिथं, हा असा हात घेऊन.”

सोमवारी बैठक दहाला भरली. वंदनानं सात प्रती काढून आणल्या होत्या. ती कागद वाटू लागली तसे भोयर उठले. त्यांच्याही हातात एक फाइल होती.

“साहेब, त्याआधी हे पाहा. वंदनाताई तीन दिवसांपासून स्टोअरात, शेडमागे फिरून राहिल्या, लोकांचे जबाब घेऊन राहिल्या. अन् ही सोमवारची तपासणी. बारा तारीख, एकोणीस तारीख. चार नंबर बरोबर हाय म्हणून खूण कोणाची?”

“माही,” वंदना म्हणाली.

भोयर पुढचं वाक्य विसरले.

“तुमच्या हातातल्या कागदावर पाचवी ओळ वाचा, साहेब. तेच लिहिलं हाय मी. ‘न तपासता खूण केली, वंदना झाडे.’ भोयर साहेबांनी ते आता आणलं. मी शनिवारीच लिहिलं.”

खोलीत कागदांचा आवाज झाला. सगळ्यांनी पाचवी ओळ काढली. आणि ती वाचली म्हटल्यावर वरच्या चारही वाचाव्या लागल्या.

मॅनेजर साहेब तिसऱ्या ओळीवर थांबले. त्यात त्यांच्या टेबलावर पडलेल्या मागणी चिठ्ठीचा उल्लेख होता. त्यांचा चेहरा ताठ झाला. “हे तुम्ही कशावरून म्हणता?”

“मागं झेरॉक्स लावली हाय. वामनरावांची सही हाय त्याच्यावर.”

“विक्की तर आता म्हणेल, मला सांगितलं म्हणून,” भोयर म्हणाले. “आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकलणारच.”

“ढकलन. म्हणून मी त्याच्यापुढं ‘ऐकलं’ लिहिलं, ‘पाहिलं’ नाही लिहिलं. तुम्ही सांगा ना, साहेब, तुम्ही सांगितलं का नाही? तुम्ही नाही म्हटलं तं तेबी लिहितो. पण मंग आठ तारखेची बटणाची मागणी तुम्ही कायले लिहिली? बटण दुरुस्त झालं होतं तं?”

भोयरांनी हातातली फाइल मिटली.

मॅनेजर साहेबांनी कागद खाली ठेवला. “वंदनाताई, तुमची भावना समजते. पण तो माणूस स्वतः लिहून देतोय की चूक माझी. आणि हात तर त्यानंच घातला.”

“घातला. चला, साहेब, पाच मिनिटं. सात नंबर बंदच हाय आत्ता.”

“कशाला?”

“चला तं.”

कोणालाच जायचं नव्हतं, पण मयुरा मॅडम उठल्या, मग बाकीच्यांना उठावंच लागलं. सात नंबरपुढे सात माणसं उभी राहिली. आजूबाजूच्या प्रेसवरची माणसं कामावरून मान वर करून पाहू लागली. वंदनानं मशीन चालू केलं, डायमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आणि साहेबांना म्हणाली, “उजवं बटण दाबा. एकलं.”

साहेबांनी दाबलं. काही झालं नाही.

“परत. जोरात दाबा.”

परत काही झालं नाही. पुठ्ठा जसाच्या तसा.

“आता हे दिवसाले दोन हजार वेळा, आठ वर्षं,” वंदना म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिची इच्छा नव्हती. “हे मशीन त्याले रोज सांगत होतं, एका बटणावर मी खाली येत नाही. त्यानं मशीनवर विश्वास ठेवला. तुमच्यावर, माह्यावर, या कारखान्यावर विश्वास ठेवला. याले निष्काळजीपणा म्हणता तुम्ही? निष्काळजी आपण होतो. अन् तार त्यानं जोडली असती तं त्यानं उजवा हात तिथं ठेवलाच नसता. इतकं साधं हाय हे. बसून इचार केला असता तं तुम्हालेबी समजलं असतं. पण माणूस सापडला होता ना, मंग इचार कायले कराचा?”

पलीकडच्या पाच नंबरवाल्यानं आपलं मशीन बंद केलं. मग सहावाल्यानं. कोणी सांगितलं नव्हतं.

“मी लिहिलं ते,” मयुरा मॅडम एकदम म्हणाल्या. “शेवटची ओळ. मला भोयर साहेबांनी सांगितलं आणि मी धरून चालले. त्याला भेटलेही नाही मी. सर, हा अहवाल मी मागे घेते.”

“मॅडम, असं मागे घेता येत नाही...” साहेब म्हणाले.

“माझी सही आहे त्यावर. ती मी काढतेय.”

अहवाल बदलला. एका दिवसात नाही. तीन बैठका झाल्या आणि प्रत्येक बैठकीत कोणीतरी शेवटच्या ओळीत ‘कामगाराचाही काही अंशी दोष’ असं घालू पाहिलं. प्रत्येक वेळी वंदनानं विचारलं, कोणता अंश, कोणी पाह्यला? शेवटी ते शब्द गेले. सुशीलची नोकरी राहिली. मार्चमध्ये तो कामावर परत आला तो क्वालिटी विभागात, वंदनाच्या दोन टेबलं पलीकडे. तो तिच्याशी कामापुरतं बोलतो. दीक्षा अजून बोलत नाही, आणि वंदनानं त्याबद्दल कोणाकडे तक्रार केली नाही.

तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि सहा दिवसांचं निलंबन. नोटिशीखाली तिनं लिहिलं, ‘आरोप मान्य. हीच नोटीस आणखी कोणाकोणाला दिली ते कळवावे.’ उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं दर आठवड्याला स्मरणपत्र पाठवायला सुरुवात केली. चौथ्या पत्रानंतर भोयरांना नोटीस गेली. मॅनेजर साहेबांना अजून गेलेली नाही. स्मरणपत्रं चालू आहेत.

आणि विक्कीला काढलं. ठेकेदारानं एका फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कागद नाही, कारण नाही. वंदनाला ते कळलं त्या दिवशी ती सरळ मयुरा मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

“ताई, तो आपला कर्मचारीच नाही, ठेकेदाराचा आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या थकल्या होत्या. “आणि तार त्यानंच जोडली होती, हे तर तुम्हीच सिद्ध केलंत. अजून काय हवंय?”

“तार त्यानं जोडली, हे खरं. जोडाले कोणी सांगितलं, हेबी त्याच कागदावर हाय. जोडणारा गेला अन् सांगणारा कॅबिनमध्ये बसला हाय. मंग आपण अर्धाच कागद वाचला ना, मॅडम?”

मयुरा मॅडमनी डोळे मिटून घेतले. “हे कधी संपणार?”

“ते मले नाही माहीत.” वंदनानं खुर्ची ओढली आणि बोलावलं नसताना बसली. “ठेकेदाराचा नंबर द्या. स्पीकरवर लावा. मी इचारतो त्याले, काहून काढलं म्हणून.”

मॅडमनी फोन जवळ ओढला आणि नंबर शोधू लागल्या.